धन्यवादित बिशप निकोलस स्टेनो यांचे अल्पचरित्र

वाईहून पसरणीचा घाट चढून जो कोणी पाचगणीस गेला असेल, त्याने घाटाच्या अंगास उघडे पडलेले काळे कातळ अवश्य पाहिले असतील. एका कातळावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, आणि मधूनमधून विटेसारख्या तांबड्या मातीचा एखादा पट्टा, अशी ती रचना आहे. दुरून पाहिले असता सगळा डोंगर एखाद्या प्रचंड जिन्यासारखा भासतो. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबे साताऱ्याकडची व सांगलीकडची असल्यामुळे हे दृश्य बहुतेकांच्या परिचयाचे आहे. परंतु या जिन्याच्या पायऱ्या कोणत्या क्रमाने वाचाव्या, हे जगास ज्यांनी प्रथम नीट शिकविले, ते पुढे कॅथलिक धर्मगुरू व बिशप झाले, आणि पवित्र ख्रिस्तसभेने १९८८ साली त्यांस धन्यवादितांच्या मालिकेत बसविले, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

महोत्सवाच्या या पुस्तिकेत त्यांचे चरित्र देण्याचे आम्ही योजिले, त्यास आणखी एक कारण घडले. महाविद्यालयात शिकणारी आपली मुले सुटीत घरी आली म्हणजे आम्हास विचारतात की, शास्त्रज्ञ पृथ्वीचे वय अब्जावधी वर्षांचे सांगतात आणि उत्पत्तीच्या पुस्तकात तर सहा दिवसांची कथा आहे. तेव्हा खरे कोणते धरावे? जी मुले विचारतात त्यांची आम्हास काळजी वाटत नाही. जी विचारीत नाहीत, शंका मनातच ठेवितात आणि हळूहळू मिस्साला येण्याचे सोडतात, त्यांच्याविषयी मात्र चिंता वाटते. त्यांच्या न विचारलेल्या प्रश्नास उपदेशाने उत्तर देण्यापेक्षा एका मनुष्याच्या आयुष्याने दिलेले बरे, असे आम्हास वाटले.

नील्स स्टेन्सेन, ज्यांस लॅटिन नावाने जग निकोलस स्टेनो म्हणून ओळखते, त्यांचा जन्म ११ जानेवारी १६३८ रोजी डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे झाला. वडील सोनार असून घर लूथरपंथी व धर्मनिष्ठ होते. वयाच्या तिसऱ्या वर्षी त्यांस दीर्घ दुखणे जडले, ते सहाव्या वर्षापर्यंत सुटले नाही. समवयस्क मुलांत खेळण्याचे ते दिवस त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांची धर्मविषयक बोलणी ऐकण्यात घालविले. लवकरच वडील वारले. पुढे शहरात प्लेगची साथ येऊन शाळेतील पुष्कळ सोबती मृत्युमुखी पडले. १६५६ साली त्यांनी विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास आरंभिला, तोच स्वीडनच्या सैन्याने शहरास वेढा दिला. मरण ही दूरची गोष्ट नव्हे, हे त्यांस बाळपणापासूनच कळले होते.

१६६० साली ते हॉलंडात ॲमस्टरडॅम येथे गेले. तेथे एका मेंढीचे डोके चिरून पाहात असता कानाजवळच्या लालोत्पादक ग्रंथीपासून तोंडात उतरणारी नलिका त्यांस सापडली. आजही वैद्यकात त्या नलिकेस त्यांचेच नाव आहे. ज्यांच्या घरी ते शिकत होते त्या गुरूंनी हा शोध आपलाच असल्याचे सांगितले, व त्यावरून मोठा वाद माजला. स्टेनो यांनी त्यास शिवीगाळीने उत्तर न देता आणखी शवच्छेदन करून उत्तर दिले. पुढे लायडन येथे त्यांनी हृदयाचा अभ्यास केला. हृदय हे उष्णतेचे निधान किंवा प्राणाचे गूढ आसन आहे, असे मोठमोठे पंडित मानीत. स्टेनो यांनी दाखविले की ते एक स्नायू आहे. १६६५ साली पॅरिस येथे मेंदूविषयी व्याख्यान देताना त्यांनी विद्वानांच्या सभेपुढे प्रथमच कबूल करून टाकिले की, मेंदूविषयी आपणांस फारच थोडे ठाऊक आहे. जे पाहिले तेवढेच सांगावे आणि जे पाहिले नाही ते पाहिल्यासारखे सांगू नये, हा त्यांचा नियम होता. त्यांच्या पुढील आयुष्याची किल्ली याच नियमात आहे.

१६६६ साली ते इटलीतील फ्लॉरेन्स शहरी आले. टस्कनी प्रांताचे अधिपती दुसरे फर्दिनांद मेदिची यांनी त्यांस आश्रय दिला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लिव्होर्नो बंदराजवळ कोळ्यांनी एक महाकाय शार्क, म्हणजे आपल्या कोकणपट्टीवरील लोक ज्यास मुशी म्हणतात त्या जातीचा मासा, पकडला. त्याचे डोके फ्लॉरेन्स येथे आणून स्टेनो यांच्या स्वाधीन करण्यात आले. त्या माशाचे दात पाहताच त्यांस दुसऱ्या एका वस्तूची आठवण झाली. माल्टा बेटात व अन्यत्र खडकांच्या पोटात जिभेच्या आकाराचे दगड सापडत. ते आकाशातून पडतात, असे काही जुने ग्रंथकार लिहून गेले होते. माल्टातील लोकसमजूत अशी की, संत पौलाने तेथील सर्पांस निर्विष केले, त्यांच्या या जिव्हा होत. स्टेनो यांनी दात व दगड शेजारी शेजारी ठेवून तुलना केली आणि हे दगड म्हणजे प्राचीन माशांचे दातच होत, असे मत १६६७ साली प्रसिद्ध केले. त्यांच्या आधीही एकदोघांस अशी शंका आली होती. परंतु माशाचा दात डोंगराच्या पोटात गेला कसा, हा प्रश्न धरून शेवटपर्यंत जाण्याचे काम स्टेनो यांनीच केले.

याच सुमारास त्यांच्या अंतःकरणात दुसरे मंथन चालू होते. १६६६ सालच्या उन्हाळ्यात लिव्होर्नो येथे ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक त्यांनी पाहिली. पवित्र साक्रामेंत रस्त्याने नेला जात असता सर्व लोक गुडघे टेकीत होते. ही नुसती भाकर असेल तर हे सर्व लोक मूर्ख ठरतात. आणि हे खरोखर ख्रिस्ताचे शरीर असेल, तर आपण उभे का? असा विचार त्यांच्या मनात आला, तो गेला नाही. फ्लॉरेन्सच्या एका मठात औषधे देणाऱ्या मारिया फ्लाव्हिया नावाच्या भगिनी त्यांस धर्माविषयी सांगत व त्यांच्यासाठी प्रार्थना करीत. स्टेनो यांनी जुने धर्मग्रंथ मूळ भाषांत वाचून काढिले. शेवटी १६६७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, त्यांनी कॅथलिक सभेत प्रवेश करण्याचा निश्चय केला.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात धरावी. ज्या ग्रंथामुळे स्टेनो यांस भूस्तरशास्त्राचे जनक म्हणतात, तो त्यांनी कॅथलिक झाल्यानंतर, १६६९ साली फ्लॉरेन्स येथे प्रसिद्ध केला. गॅलिलिओ यांच्यावरील दुःखद खटल्यास तेव्हा अवघी ३६ वर्षे लोटली होती. स्टेनो यांचा ग्रंथ मात्र रीतसर तपासणी होऊन छापला गेला, आणि तपासणारांपैकी एक जण, विव्हियानी, हे गॅलिलिओ यांचेच शिष्य होते.

ग्रंथ लहानसाच आहे. घन पदार्थाच्या पोटात दुसरा घन पदार्थ कसा सापडतो, हा त्याचा विषय. त्यात सांगितलेले नियम इतके साधे आहेत की, ते कोणास पूर्वी सुचले नाहीत याचेच आज नवल वाटते. थर एकावर एक साचले असता खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा, हा पहिला नियम. पातळ द्रवातून थर बसतो तो आडवा सपाट बसतो. पुढे तो कललेला अगर मोडलेला आढळल्यास मागाहून भूमी हलली असे समजावे, हा दुसरा. थर मुळात चोहोबाजूंस सलग पसरलेला असतो. मध्ये दरी असेल तर ती नंतर कोरली गेली, हा तिसरा. आणि एखाद्या थरास जे चिरून जाते ते त्या थराहून अर्वाचीन, हा चौथा. याच पुस्तकात त्यांनी असेही दाखविले की, स्फटिकाचा खडा लहान असो वा मोठा, त्याच्या बाजूंमधील कोन ठरलेलेच असतात.

स्टेनो यांनी हे नियम पाण्यात बसलेल्या गाळाविषयी लिहिले. परंतु आपल्या सह्याद्रीत जो तप्त लाव्हा पातळ होऊन पसरला व थिजला, त्यासही ते लागू पडतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीस भेगा पडून हा लाव्हा वारंवार बाहेर आला. दोन लोटांच्या मध्ये कधी कधी इतका काळ जाई की, खालच्या कातळाचा पृष्ठभाग झिजून त्याची माती होई. मग तीवर नवा लाव्हा येई. घाटात दिसणारे तांबडे पट्टे बहुधा अशाच प्राचीन मातीचे होत. पाचगणीच्या टेबललँडवरून धोमच्या जलाशयापलीकडे कमळगडाकडे पाहावे. अलीकडच्या कड्यात जे थर, तेच समोरच्या डोंगरात जवळजवळ त्याच उंचीवर चालू झालेले दिसतात. मधली दरी कृष्णामाईने व तिच्या ओढ्यांनी कोरून काढिली, हे स्टेनो यांच्या तिसऱ्या नियमाने शाळेतील मुलासही सांगता यावे. टेबललँडच्या माथ्यावर जांभा दगडाचे टोपण आहे. लाव्हा थांबल्यावर पुढे दीर्घ काळ ऊन व पाऊस खाऊन वरचा कातळ असा झाला. आणि या डोंगरांची जी झीज झाली, तिच्यातीलच काही भाग काळ्या मातीच्या रूपाने सांगलीकडच्या सपाटीवर पसरून आज ऊस व हळद पिकवितो. अशा जिन्यासारख्या खडकास शास्त्रज्ञ ट्रॅप म्हणतात, तो शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. आणि स्टेनो यांच्या डॅनिश मातृभाषेतही जिन्यास जवळजवळ हाच शब्द आहे.

स्वतः स्टेनो यांनी या नियमांनी टस्कनी प्रांताचा प्राचीन भूगोल जुळवून दाखविला. ती भूमी दोन वेळा पाण्याखाली गेली, दोन वेळा कोरडी व सपाट झाली, आणि दोन वेळा मोडून उंचसखल बनली, अशा सहा अवस्था त्यांनी सहा लहान आकृतींत काढिल्या. आज डोळ्यांसमोर असलेल्या भूमीवरून, कोणी मनुष्याने न पाहिलेली कालची भूमी ओळखण्याचा हा मार्ग त्यांनी दाखविला.

सत्याचा मान राखावयाचा तर त्यांच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. पृथ्वीचे वय काही हजार वर्षांचेच आहे, असे त्या काळी बहुतेक सर्वांप्रमाणे तेही धरून चालले, व टस्कनीवरील पाण्याचा एक काळ त्यांनी नोहाच्या जलप्रलयाशी जुळविला. आरेझ्झो गावाजवळ सापडलेली हत्तींची मोठी हाडे त्यांस हानिबाल सेनापतीच्या सैन्यातील प्राण्यांची वाटली. ती वास्तविक त्याहून फारच पुरातन आहेत. परंतु त्यांनी दिलेला नियम त्यांच्या समजुतीहून मोठा ठरला. थरांचा क्रम लावावयास त्यांनी शिकविले, आणि पुढच्या पिढ्यांनी त्याच क्रमाने मोजीत जाऊन हजारांची लाखे व लाखांची कोटी केली.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम एका धर्मोपदेशकाच्या हातून पुढे गेले. स्कॉटलंडचे प्रॉटेस्टंट मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे १८४५ साली नागपुरास आले. धर्मकार्य व शाळा सांभाळून त्यांनी त्या भागातील खडक पायी हिंडून तपासले. तेथे दोन लाव्हाथरांच्या मध्ये गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे अवशेष मिळाले. त्यावरून सिद्ध झाले की, एक लोट थिजल्यावर आणि दुसरा येण्यापूर्वी तेथे सरोवरे होती व त्यांत जीव नांदत होते. १८६३ साली टाकळघाटाहून परतताना नाल्याच्या पुरात बुडून त्यांचा अंत झाला. ते आपल्या सभेचे नव्हते, तरी त्यांच्या चिकाटीचा गौरव करण्यास आम्हास संकोच वाटत नाही.

आपल्या जिल्ह्यांतील थरांचे वाचन तर अद्याप चालू आहे. सह्याद्रीतील लाव्हाथरांच्या सर्वांत वरच्या गटास शास्त्रज्ञांनी वाईचे नाव दिले असून, त्यातील थरसमूहांस खालून वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा अशी नावे आहेत. म्हणजे पोलादपुराहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास चढणारा प्रवासी जुन्या काळाकडून नव्या काळाकडे चढत असतो. या थरांतील लोहकणांनी थिजतेवेळची चुंबकीय दिशा धरून ठेविली आहे. तीवरून असे निघते की, त्या वेळी ही भूमी विषुववृत्ताच्या पुष्कळ दक्षिणेस होती व तेथून सरकत येथे आली. ११ डिसेंबर १९६७ रोजीचा कोयनेचा भूकंप आपल्यातील वृद्धांस अजून आठवतो. त्या भूकंपक्षेत्राच्या अभ्यासासाठी कऱ्हाड येथे केंद्र सरकारची प्रयोगशाळा स्थापन झाली, आणि २०१७ साली कोयना खोऱ्यात ३,००० मीटरांहून थोडे अधिक खोल छिद्र पाडण्यात आले. सुमारे १,२५० मीटर काळा कातळ संपल्यावर खाली एकदम अब्जावधी वर्षे जुना ग्रॅनाइट जातीचा खडक लागला. दोहोंच्या मध्ये समुद्राचा अगर सरोवराचा गाळ आढळला नाही. याचा अर्थ, लाव्हा आला तेव्हा तेथे उघड्या खडकाची भूमी होती; पूर्वी कधी गाळ साचला असलाच, तर तो आधीच धुऊन गेला होता. नागपूरकडे सरोवरे आणि कोयनेच्या तळाशी उघडा खडक, असा आपल्या देशाचा प्राचीन नकाशा स्टेनो यांच्या नियमांनी तुकड्या-तुकड्याने जुळत आहे.

आता पुन्हा चरित्राकडे वळू. १६७२ साली डेन्मार्कच्या राजाने स्टेनो यांस शारीरशास्त्र शिकविण्यासाठी कोपनहेगनला बोलाविले. ते गेले, परंतु कॅथलिक म्हणून तेथे त्यांस सुखाने राहता येईना. १६७४ साली ते फ्लॉरेन्सला परतले आणि १६७५ साली त्यांस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. १६७७ साली पोप अकरावे इनोसंट यांनी त्यांस उत्तर युरोपातील मिशनांवर आपले प्रतिनिधी नेमिले, व रोम येथे त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. ज्या प्रदेशात कॅथलिक लोक मूठभर व विखुरलेले होते, तो प्रदेश त्यांच्या वाट्यास आला. हॅनोव्हर येथे राहून ते घरोघरी जात, गरिबांची विचारपूस करीत. तेथील विख्यात तत्त्वज्ञ लायब्निझ यांस हळहळ वाटे की, एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने शास्त्र सोडून दिले.

१६८० साली ते म्युन्स्टर येथे सहायक बिशप झाले. तीन वर्षांनी तेथे नव्या बिशपांच्या निवडणुकीत मतांसाठी पैसा चालला. स्टेनो यांनी उघड निषेध केला आणि ते पद व शहर सोडून निघाले. हँबर्ग येथे व शेवटी श्वेरिन येथे ते साध्या धर्मगुरूप्रमाणे राहिले. जे मिळे ते दान करीत. बिशपपदाची अंगठी व क्रूसही त्यांनी गरिबांसाठी विकला. अंगावर जीर्ण वस्त्र, कडक उपवास आणि पोटातील असह्य वेदना अशा स्थितीत ५ डिसेंबर १६८६ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. पुढे त्यांचा देह फ्लॉरेन्स येथे नेऊन संत लॉरेन्स यांच्या चर्चमध्ये ठेविण्यात आला. २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांस धन्यवादित म्हणून जाहीर केले.

लायब्निझ यांची हळहळ आम्ही समजू शकतो. आणखी २० वर्षे ते खडकांपाशी राहते, तर जगास काय काय मिळाले असते! परंतु शास्त्र खोटे ठरल्यामुळे किंवा धर्मास भ्याल्यामुळे त्यांनी ते सोडिले नाही. आपल्या ग्रंथातील एकही नियम त्यांनी मागे घेतला नाही. ज्या श्रद्धेने त्यांनी माशाचा दात दात म्हणून ओळखला, त्याच श्रद्धेने त्यांनी पवित्र साक्रामेंतापुढे गुडघे टेकिले. दोन्ही ठिकाणी समोर आलेल्या सत्यास त्यांनी पाठ दाखविली नाही. उत्पत्तीचे पुस्तक हे खडकांचा इतिहास शिकविण्यासाठी लिहिलेले नाही. पवित्र लेखकांचा हेतू दृश्य सृष्टीची अंतर्रचना शिकविण्याचा नव्हता, हे पोप तेरावे लिओ यांनी १८९३ सालच्या परिपत्रकातच स्पष्ट केले. सृष्टी कोणी निर्माण केली व कशासाठी, हे ते पुस्तक सांगते. ती कोणत्या क्रमाने घडली, हे त्याच निर्मात्याने घाटातील कातळांवर लिहून ठेविले आहे. तेव्हा आपल्या मुलांनी निर्भयपणे भूगर्भशास्त्र शिकावे, आणि रविवारी निर्भयपणे मिस्सालाही यावे, अशी आमची त्यांस प्रेमाची विनंती आहे.

शेवटी आपल्या महोत्सवाविषयी एक शब्द. खालचा थर आधीचा, हा स्टेनो यांचा पहिला नियम आपल्या धर्मग्रामासही लागू आहे. आज चर्चमध्ये जी गर्दी दिसते, तिच्या खाली पूर्वीच्या पिढ्या आहेत: ज्यांनी दूरच्या वाडीवरून चालत येऊन मिस्सा ऐकला, ज्यांनी आपल्या मुलांस रात्री दिव्याच्या उजेडात प्रश्नोत्तरी पाठ करविली, आणि ज्यांच्यापैकी पुष्कळांची नावे आज कोणत्याही वहीत सापडत नाहीत. सर्वांत खालच्या थरावर सर्वांत अधिक भार असतो, आणि तोच सर्वांत कमी दिसतो. त्या थराचे स्मरण करून, आपल्यावर पुढे जो थर बसावयाचा आहे त्याचा भार सोसण्याचे बळ प्रभू आपणांस देवो, आणि धन्यवादित निकोलस स्टेनो आपल्यासाठी विनंती करोत.